उशाशी पिस्तूल आणि शेजारच्या खोलीत बाबा

ताई,

आम्ही डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, भरदुपारी घरफोडी झाली. घरचे लग्नाला गेले होते. सगळं सोनं गेलं. तेव्हापासून नवऱ्याने पिस्तूल घ्यायचंच असं ठरवलंय. आमची ग्रीन कार्डं गेल्या वर्षी आली, त्यामुळे कायद्याने घेता येतं म्हणतो. ऑफिसमधल्या मित्राबरोबर दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आला, नऊ एमएमचं एक पसंतही करून ठेवलंय. ते भरून पलंगाशेजारच्या खणात ठेवणार. कुलूप लावलं तर ऐन वेळी काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. सासरे व्हिजिटर व्हिसावर आलेत. सासूबाई डिसेंबरात गेल्या, तेव्हापासून ते फारसे बोलत नाहीत. धाकटा दीर अर्लिंग्टनला एमएस करतो, तो शनिवार-रविवार आमच्याकडेच असतो, रात्री कधीही येतो. मी नको म्हटलं की "तू घाबरट आहेस, हा इथल्या संविधानाने दिलेला हक्क आहे" हे ऐकावं लागतं. मी चुकतेय का? आणि त्याला सांगू कसं?

— एक वाचक, टेक्सास

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं लक्ष पिस्तुलाकडे होतं. दुसऱ्यांदा सासऱ्यांच्या त्या एका ओळीपाशी अडकले. तिच्याकडे येतेच, पण आधी नवऱ्याची बाजू. ती तू पत्रात चार शब्दांत उरकलीस आणि ती अगदीच पोकळ नाही.

त्याची भीती खरी आहे. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सास या राज्यांत एका टोळीने भारतीय आणि आशियाई कुटुंबांची घरं वेचून दरोडे घातले. आडनावांवरून याद्या केल्या होत्या. घरात माणसं असताना, मुलाबाळांसमोर बंदुका रोखून सोनं आणि रोकड नेली. सूत्रधार एक बाई होती आणि २०१९ मध्ये मिशिगनच्या फेडरल कोर्टाने तिला ३७ वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा "असं काही होत नसतं गं" असं मी म्हणणार नाही. तूही त्याला म्हणू नकोस. ज्याची भीती आपण हसण्यावारी नेतो तो माणूस आपलं पुढचं वाक्य ऐकत नाही.

पण तुझ्या गल्लीत काय झालं ते बघ. भरदुपारी, रिकाम्या घरात. अमेरिकेच्या न्याय खात्याने २००३ ते २००७ मधल्या घरफोड्यांचा हिशेब मांडला होता. वर्षाला सरासरी सदतीस लाख घरफोड्या, त्यातल्या साधारण २८ टक्क्यांत घरातलं कुणीतरी घरी होतं आणि एकूण घरफोड्यांपैकी सात टक्क्यांत कुणावर तरी हिंसा झाली. बाकीच्या वेळी चोर आला, तुमची गाडी दारात नाही हे बघून आला आणि घेऊन गेला. अशा चोरीत खणातलं पिस्तूल तुमचं रक्षण करत नाही. ते बांगड्यांबरोबर पिशवीत जातं, आणि मग कुठल्या रस्त्यावर कुणाच्या हातात निघेल ते तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून त्या शेजाऱ्यांच्या चोरीवरचा उपाय फारच रटाळ आहे. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. लग्नाला जाताना "ऑल सेट फॉर द बिग डे" असे विमानतळावरचे फोटो न टाकणं. आणि दार. उद्या एक स्क्रूड्रायव्हर घे आणि पुढच्या दाराच्या कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत जाते, त्या पट्टीचा एक स्क्रू काढून बघ. बहुतेक बिल्डर तिथे जेमतेम पाऊण इंचाचे स्क्रू मारतात. ते चौकटीच्या पातळ फळीतच संपतात, एका जोरदार लाथेत पट्टी लाकडासकट बाहेर येते. तिथे तीन इंची स्क्रू मारले की ते मागच्या खांबापर्यंत पोचतात. हार्डवेअरच्या दुकानात दोन-चार डॉलरचं काम. दुसरी हमखास ढिलाई म्हणजे गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणारं दार. आपल्यापैकी किती घरांत त्याला रात्री कुलूप लागतं? आणि गॅरेजचा रिमोट बाहेर उभ्या गाडीच्या काचेला लटकतोय, म्हणजे किल्ली पायपुसण्यावर ठेवल्यासारखंच. माझ्या स्वतःच्या घरी तो अकरा वर्षं लटकत होता, म्हणून ठामपणे सांगते.

आता पिस्तूल. मी बंदुकीच्या नावाने शहारणारी बाई नाही. माझ्या आजोळी आजोबांची परवान्याची दुनळी होती, रानडुकरं उसात शिरायची म्हणून. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची आणि निकालानंतर परत आणायची. एरवी बंदूक आजोबांच्या खोलीत भिंतीला आणि काडतुसं आजीच्या कडीकुलपाच्या कपाटात. किल्ली तिच्या कमरेला. आजोबांना रात्री डुकरं आल्याची चाहूल लागली की आधी आजीला उठवावं लागे, आणि ती उठल्यावर पहिला प्रश्न "कशाला हवंय?" लहानपणी मला तो नवराबायकोचा खेळ वाटायचा.

इथे आल्यावर मीही एकदा रीतसर शिकले. पहिली गोळी झाडल्यावर तापलेली रिकामी पुंगळी उडून शर्टाच्या गळ्यात गेली आणि मी भरलेलं पिस्तूल हातात धरून नाचायला लागले. प्रशिक्षकाने मागून मनगट पकडून नळी समोर धरून ठेवली. तो एवढंच म्हणाला की घरात हे सकाळी अकराला, कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लावून होणार नाहीये. तुझा नवरा दोनदा रेंजवर गेला, कागदावर नेम बरा लागला असेल. त्याने अंधारात, झोपेतून उठून, चष्मा न सापडता समोर कोण आहे हे ओळखायचा सराव केलेला नाही. आणि तुमच्या घरात रात्री समोर कोण असू शकतं? पाणी प्यायला उठलेले बाबा. मित्राकडून उशिरा, मागच्या दाराने, चपला हातात घेऊन शिरणारा मुलगा. न कळवता आलेला दीर.

१९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हत्तोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालकाने पिस्तूल रोखून "फ्रीझ", म्हणजे जागचा हलू नकोस, असं म्हटलं. पोराला ते कळलं नाही, तो पुढे आला आणि छातीत गोळी लागून गेला. घरमालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला. तो काही खुनी माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि हाताशी पिस्तूल होतं. तुझ्या सासऱ्यांना झोपेत, अंधारात, घाबरलेल्या आवाजातलं इंग्रजी किती कळेल? मला तरी कळेल की नाही, शंकाच आहे.

आता ती ओळ. सासूबाई डिसेंबरात गेल्या आणि बाबा फारसे बोलत नाहीत.

अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःचा जीव घेणारे असतात. २०२१ मध्ये एकूण ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ अशी. आणि या देशात वयाने सगळ्यात मोठे पुरुष या बाबतीत सगळ्यात जास्त धोक्यात असतात. असा विचार बहुतेकदा लाटेसारखा येतो, काही मिनिटांचा, काही तासांचा, आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. इतर मार्गांनी प्रयत्न केलेली बहुसंख्य माणसं वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे त्या वाटेला जात नाहीत. बंदुकीच्या बाबतीत दहातला जेमतेम एक वाचतो. बाबांच्या मनात तसं काही आहे, असं मी म्हणत नाहीये. ते फक्त दुःखात असतील. पन्नास वर्षांचा संसार सोडून, भाषा न येणाऱ्या गल्लीत, दिवसभर बंद घरात बसलेला माणूस गप्प होणारच. पण ज्या घरात असा माणूस आहे, त्या घरात या वर्षी भरलेलं पिस्तूल उघड्या खणात येऊ नये. माझ्या उत्तरात हा एकच भाग असा आहे ज्यावर मी वाद घालणार नाही.

त्यांच्याशी बोल. "बाबा, आईंशिवाय दिवस कसा जातो?" असं सरळ विचार. जगण्यात अर्थ वाटत नाही असं त्यांच्या तोंडून आलं, तर तसा विचार मनात येतो का हेही थेट विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. इथे आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी ९८८ हा मदतीचा नंबर चोवीस तास चालू असतो, घरच्यांनाही त्यावर फोन करून काय करू असं विचारता येतं.

मुलाचं थोडक्यात, कारण पंधरा वर्षांच्या पोराला घरात काय कुठे आहे ते माहीत असतंच. तुमची दिवाळीची भेट त्याने कधी आधीच शोधून काढली नाही का? मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ च्या नोव्हेंबरात एका पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी घेतलं होतं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ती कथा तुमची नव्हे, त्या घरात आधीपासून बरंच काही बिनसलेलं होतं. पण टेक्सासचा कायदा तुमच्यासाठीही आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या निष्काळजीपणामुळे भरलेली बंदूक लागली तर तो गुन्हा आहे. नुसती हाती लागली तर ५०० डॉलरपर्यंत दंड, तिच्यातून गोळी सुटून कुणी गेलं किंवा गंभीर जखमी झालं तर वर्षभरापर्यंत तुरुंग.

यापुढचा मुद्दा आपल्या मंडळींना सहसा माहीत नसतो, म्हणून नवऱ्याला हा भाग वाचून दाखव. ग्रीन कार्डवर बंदूक घेता येते, बरोबर. पण पर्यटक व्हिसा, विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूकच काय, एक गोळीही जवळ बाळगणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे शिकारीचा वैध परवाना असणं. म्हणजे तुझ्या घरातली दोन माणसं, सासरे आणि दीर, दोघंही या कायद्याखाली येतात. त्यांच्या हाती येईल अशा उघड्या खणात पिस्तूल ठेवलं तर ताबा नक्की कुणाकुणाचा, हा प्रश्न पोलिसांसमोर नव्हे, आधीच वकिलासमोर सोडवायचा असतो. (भारतातून आलेल्या काकांना रेंजवर नेऊन, हातात रायफल देऊन, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायची आपल्याकडे जी हौस आहे, तिच्याबद्दलही हेच. दीराला आजच सांग.)

आणि ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. बंदुकीच्या बेकायदा ताब्याचा किंवा वापराचा गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. टेक्सासमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बरोबर बाळगता येतं म्हणून तो ते लॅपटॉपच्या बॅगेत टाकेल आणि एका सोमवारी पहाटे तीच बॅग घेऊन विमानतळावर जाईल. हसू नकोस. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेल्या, आणि तुमचा डॅलस-फोर्ट वर्थ त्या यादीत देशात दुसरा होता. पकडलेल्यांचं नेहमीचं उत्तर असतं, "विसरलोच." नागरिक विसरला तर दंड भरून घरी जातो. तुझ्या नवऱ्याला तेवढ्यावर सुटका मिळेलच असं नाही.

हक्काच्या वादात तू हरशील, तेव्हा त्यात पडूच नकोस. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. वॉशिंग्टन शहराचा नियम होता की घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवायची. तोही न्यायालयाने रद्द केला. तुझा नवरा हे उद्या तुझ्या तोंडावर मारेल, म्हणून आधीच सांगते. त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलंय. पण मुख्य म्हणजे न्यायालयाने सरकारला काय करता येत नाही ते सांगितलं. शहाण्या माणसाने आपल्या घरात काय करावं, हे कुणी न्यायाधीश सांगत नसतो. सक्ती असावी की नसावी यावर इथे माणसं जन्मभर भांडतात. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक कुलपात ठेवायची सक्ती आहे, टेक्सासमध्ये नाही. स्वसंरक्षणासाठी बंदूक वर्षाला किती वेळा वापरली जाते, यावर एका बाजूचा आकडा साठ-सत्तर हजार, दुसरीचा पंचवीस लाख. मला विचारशील तर कुलपाची सक्ती असावी या मताची मी आहे, पण तुझा प्रश्न देशाचा नाही, एका खणाचा आहे. "तुला हक्क आहे, मान्य. या घरात, या वर्षी, या चार माणसांत तो वापरायचा का, हे आपण दोघं ठरवू," एवढंच म्हण.

तू स्वतः यात कुठे आहेस, हेही विचारात घे. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळातल्या लाखो लोकांची नोंद तपासून २०२२ मध्ये एक अभ्यास आला. स्वतःकडे पिस्तूल नसलेली, पण पिस्तूलधारकाबरोबर एका घरात राहणारी माणसं, आणि बंदूक नसलेल्या घरातली माणसं, अशी तुलना होती. खून होऊन मरण्याचं प्रमाण पहिल्या गटात दुपटीहून जास्त निघालं. अशा अभ्यासात कारण आणि योगायोग यांची पूर्ण फारकत करता येत नाही. पण "घर सुरक्षित व्हावं म्हणून" असं जे म्हटलं जातं, त्यातलं घर म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न तो अभ्यास विचारतो.

आणि समज, बाबा सहा महिन्यांनी परत गेले आणि तो तरीही म्हणाला घेऊयाच. तर तू अटी घाल, मोडता घालू नकोस. आधी तिजोरी, मग पिस्तूल, त्याच दिवशी नव्हे. पलंगाजवळ बोल्टने पक्की केलेली, बटणांच्या कोडची छोटी तिजोरी सरावाने काही सेकंदांत उघडते, त्यामुळे "ऐन वेळी काय" या प्रश्नात फारसा दम राहत नाही. बोटाच्या ठशावरची घेणार असाल तर जपून. २०२३ मध्ये अशा सुमारे ६१ हजार तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या, कारण नोंद न केलेल्या बोटांनीही त्या उघडत होत्या. एक बारा वर्षांचा मुलगा त्यात गेला होता. कोड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका. गोळ्या वेगळ्या कुलपात, आजीसारख्या. बंदूक रिकामी, कुलपात आणि गोळ्या वेगळ्या ठेवणाऱ्या घरांत मुलांच्या अपघातांचं आणि आत्महत्यांचं प्रमाण कमी असतं, हे २००५ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलंय. यावर तो म्हणेल, मग भरायलाच अर्धा मिनिट जाईल. जाऊ दे. तेवढ्यात खोलीचं दार आतून लावून ९११ ला फोन लागतो, आणि दाराबाहेर खाकरणारा माणूस कोण, तेही कळतं.

त्याला हे सांगायचं कसं, हा तुझा शेवटचा प्रश्न. जेवणाच्या टेबलावर नको, मुलगा ऐकतो आणि मग नवरा माघार घेत नाही. एका रात्री दोन वाजता गजर लावून दोघं उठा. दिवे लावू नका. त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट दे, तेच पिस्तूल समज. खोलीच्या दारात उभं राहून त्याला विचार, चोर जिन्यावर आहे, तू रिमोट कुठे रोखलास? मग त्या दिशेने सरळ चालत जा आणि भिंतीला हात लाव. आपल्या घरांच्या भिंती जिप्समच्या असतात, नऊ एमएमची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. त्या भिंतीपलीकडे कुणाचा पलंग आहे ते त्याचं त्यालाच दिसू दे. तू काही बोलू नकोस.

गॅरेजमधल्या दाराचं मात्र त्या रात्रीची वाट बघू नकोस, आजच बघ. आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी वीस मिनिटं बाबांना घेऊन गल्लीत एक चक्कर मार. तीन घरं सोडून राहणाऱ्या त्या शेजाऱ्यांकडेही जा, त्यांच्यावर नुकतंच आभाळ कोसळलंय. त्यांच्याकडेही कुणी आजी-आजोबा आलेले असतील तर बाबांना दुपारी बसायला एक घर होईल.